तयार किल्ल्याचा युक्तिवाद

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस पुण्या-मुंबईच्या बाजारात पीओपीचे रंगवलेले किल्ले मांडलेले दिसतात. तट, बुरुज, दरवाजा, भगवा झेंडा, सगळे एकाच साच्यातून निघालेले. घरी आणून बाल्कनीत ठेवला आणि वर सिंहासनावरचे शिवाजी महाराज बसवले की काम संपले. शेजारच्या दुकानात घडी उघडली की तयार होणारा आकाशकंदील असतो, किराणा दुकानात कोजागरीच्या मसाला दुधाची पुडी असते आणि बालवर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर शरद ऋतूचा गृहपाठ म्हणून लाल-पिवळी पाने आणि भोपळा रंगवायचा कागद आलेला असतो. या सगळ्यामागे एक युक्तिवाद आहे. शहरात जागा नाही, माती घाण, आईबापांना सवड नाही, मुलांच्या हातून होते ते काम ओबडधोबड आणि तीन-चार वर्षांच्या पोराला त्यातून कळत काहीच नाही. तेव्हा तयार आणावे, मूल खूश, घर स्वच्छ. युक्तिवाद व्यवहारी वाटतो, म्हणूनच तो घरोघर बिनतक्रार मान्य झाला आहे. कलमवार तपासला तर त्यातले फार थोडे टिकते, आणि टिकते तेही तयार वस्तूच्या बाजूने जात नाही.

आधी किल्ला कसा होतो ते पाहावे लागेल, कारण तो विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी त्याला शोभेची वस्तू मानले आहे. मातीचा किल्ला वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी सुरू होतो. विटा, दगड, फुटक्या कुंड्या यांचा ढीग रचायचा आणि त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे. गोणपाटाला आपोआप घड्या पडतात. त्याच डोंगराच्या सोंडा, त्याच घळी. त्यावर चाळलेल्या मातीचा लेप. पट्टीने पायऱ्या कापायच्या, करवंटी पुरून तळे करायचे, खोक्याच्या पुठ्ठ्याचा दरवाजा लावायचा. मग आळीव पेरायचे. तासभर भिजवलेले आळीव बुळबुळीत, चिकट होतात, त्यामुळे उभ्या कड्यावर फेकले तरी तिथेच चिकटून राहतात. मोहरी भिजवून फेकली तर घरंगळत खाली खंदकात जमा होते आणि खंदकच हिरवा होतो. हा फरक कोणी सांगून कळत नाही. एका वर्षी मोहरीचा खंदक झाला की पुढच्या वर्षी आळीव मागितले जातात. दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होतो.

या कामात वयाप्रमाणे वाटणी आपसूक होते. तीन वर्षांचे मूल चिखल तुडवते, तांब्याने पाणी आणते (निम्मे सांडत) आणि आळीव फेकते. पाच वर्षांचे पायऱ्या कापते. आठ वर्षांचे भुयार खणते आणि ते ढासळले की दोष धाकट्यावर ढकलते. शेवटी चित्रे मांडायची, म्हणजे कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे, तोफा, गवळण, वाघ. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ बुरुजाएवढा आणि तळ्याकाठी कोणाचा तरी प्लास्टिकचा ट्रॅक्टर, ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आली आहे. बाजारातला तयार किल्ला यातली शेवटची पायरी तेवढी मुलाकडे ठेवतो. चार-पाच दिवसांचे काम पाच मिनिटांवर येते आणि सहाव्या मिनिटाला मूल विचारते, आता काय करायचे?

जागेचा आक्षेप पहिला येतो. वाड्यांची अंगणे गेली हे खरेच आहे. पण किल्ल्याला अंगण लागते हे गृहीत कुठून आले? अंगण होते तेव्हा किल्ला मोठा झाला, एवढेच. दोन घमेली ओली माती जुन्या पाटावर किंवा कल्हई गेलेल्या परातीत मावते आणि तिचे वजन एका मोठ्या माणसापेक्षा कमीच भरते. ज्या बाल्कनीत वॉशिंग मशीन उभे आहे तिला त्याचा भार होत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना परातीतला वीतभर डोंगर पुरेसा उंच असतो. सोसायटीच्या आवारात कोपरा मिळाला तर उत्तमच, कारण तिथे तीन वर्षांचे आणि दहा वर्षांचे पोर एकाच चिखलात हात घालते. अशी संधी शाळेत मिळत नाही. तिथे वर्ग वयाने कापलेले असतात. आवार डांबरी असेल, तर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर किल्ला करता येतो आणि दिवाळी संपल्यावर माती कुंड्यांत जाते. पीओपीचा किल्ला कुंडीत जात नाही. तो पाण्यात विरघळत नाही, पुढच्या वर्षीपर्यंत माळ्यावर कोपरे तुटत राहतो आणि मग कचऱ्याच्या गाडीत जातो. जागा वाचवण्यासाठी आणलेली वस्तू वर्षभर जागा अडवून बसते, हा हिशेब विकत घेताना कोणी करत नाही.

मातीच्या घाणीचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे खरी भीती आहे. लहान मुलांच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेने दूषित झालेल्या मातीत असतात आणि हातावरून तोंडात जातात. देशभर २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळून अल्बेंडाझोलच्या गोळ्या दिल्या जातात त्या याचमुळे. पण या माहितीचा अर्थ माती टाळावी असा निघत नाही. कोणती माती घ्यावी आणि नंतर काय करावे, असा निघतो. गटाराजवळची, रस्त्याकडेची, कुत्र्यामांजरांच्या बसण्याची माती नको. रोपवाटिकेतली लाल माती पोत्याने मिळते. ती चाळून काचा-खिळे काढावेत, मुलांची नखे कापलेली असावीत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. एवढे केल्यावर उरते ती कपड्यांची घाण, आणि तिच्यासाठी प्रत्येक घरात एखादा विटका सदरा असतोच. दूषित मातीची भीती दाखवून स्वच्छ मातीही बंद करणे ही सावधगिरी नाही, कंटाळा आहे. आणि कंटाळा आला असेल तर तसे सरळ म्हणावे.

तिसरे कलम सुबकतेचे. तयार किल्ला नीट दिसतो, इतिहासाला धरून असतो आणि मुलाला खरा किल्ला कसा असतो ते कळते, असे सांगितले जाते. यातला इतिहासाचा दावा सर्वांत पोकळ आहे. बाजारातल्या साच्यात गोल बुरूज, सरळ तट आणि समोर सताड दरवाजा असतो. महाराष्ट्रातला डोंगरी किल्ला तसा नसतो. राजगडाला सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती अशा तीन माच्या आहेत आणि बालेकिल्ला त्यांच्या मधोमध वर उभा आहे. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून बसवला आहे, की खालून येणाऱ्याला तो शेवटपर्यंत दिसत नाही. सिंधुदुर्गाला तर डोंगरच नाही, भोवती समुद्र. युनेस्कोने २०२५ साली ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी आहे. त्यांतल्या एकाचेही रूप या साच्यात उतरलेले नाही. उलट, मातीत काम करणाऱ्या पोरांना दरवाजा समोर केला तर शत्रू सरळ आत येईल, ही अडचण स्वतःच सुचते आणि ती वाट वळवू लागतात. गोमुखी दरवाजा हा शब्द त्यांना दहा वर्षांनी भेटेल. त्याची गरज चिखलातच कळलेली असते.

आता कळत काहीच नाही, या कलमाकडे. बालशिक्षणात हा वाद महाराष्ट्रात तरी केव्हाच निकाली निघालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. महागडी मॉन्टेसरी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने आणि काड्या हीच साधने झाली. त्यांवर मुले मोजायला, जुळवायला, लहानमोठे ओळखायला शिकली. गरिबीमुळे केलेली ही तडजोड नव्हती. मुलाच्या रोजच्या परिसरातली वस्तू त्याला अधिक शिकवते, असे ठरवून केलेले काम होते. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळ हाच पाया मानला आहे. तरीही आज त्याच वयाच्या मुलाच्या हाती छापील पान देऊन त्यात रंग भरायला सांगितले जाते आणि रेषेबाहेर गेला की पुसायला लावले जाते. चिखल मळताना, आळीव चिमटीत धरताना, घड्याळाच्या काट्यासारखी पट्टी फिरवून पायरी कापताना बोटांना जे वळण लागते तेच पुढे पेन्सिल धरताना कामी येते. ज्या पालकांना लेखनाची घाई असते त्यांनी तरी चिखलाला विरोध करू नये.

सुबकतेचा हा हव्यास फक्त बाजारातच आहे असेही नाही. मंडळांच्या किल्ला स्पर्धांत मोठ्यांनी रात्री जागून केलेले किल्ले असतात, त्यांना दिवे, कारंजी आणि ध्वनिमुद्रित निवेदन असते. मुलांकडे काम उरते ते दोरीच्या अलीकडे उभे राहून हात लावू नका असे ओरडण्याचे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुरांचे तेच झाले आहे. वाड्यावरच्या पोरांनी गवत, कागद आणि जुने कपडे कोंबून केलेला नरकासुर आता दोन मजली पुतळे, मोठे ध्वनिक्षेपक आणि बक्षिसांच्या रकमा यांच्यापुढे दिसेनासा होतो. साचेबंद किल्ला आणि स्पर्धेचा किल्ला एकमेकांचे विरोधक वाटतात. पण दोन्हींत मूल प्रेक्षक असते, आणि पाच वर्षांच्या प्रेक्षकाला दहा मिनिटांत कंटाळा येतो. नंतर तो मोबाइल मागतो, तेव्हा दोष मोबाइलला दिला जातो.

वेळेचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो बहुधा आईकडून येतो आणि तिचे म्हणणे खोटे नाही. दिवाळीच्या तोंडावर नोकरी, फराळ, साफसफाई आणि सहामाही परीक्षा एकदम येतात. त्यात कोणी ‘मुलांबरोबर काहीतरी सर्जनशील करा’ असा सल्ला दिला की तो आणखी एक बोजाच होतो. पण वेळ कशाला लागतो ते नीट पाहिले पाहिजे. वेळ खाते ती सुबकता. कंदील सरळ हवा, चकलीला काटा हवा, फोटोत नीट दिसायला हवे, म्हणून मोठ्यांना मुलाच्या हातातून काम काढून घ्यावे लागते आणि मग ते सगळेच मोठ्यांना करावे लागते. ओबडधोबड चालणार असेल तर रोज अर्धा तास पुरतो आणि त्यात मोठ्या माणसाचे काम चिखल कालवून देऊन बाजूला बसणे एवढेच राहते. चिखल कालवायला बापही चालतो. हा मुद्दा लिहावा लागतो यातच काय ते आले.

कंदिलाबाबतही तेच. कामट्यांचा षटकोनी कंदील पाच वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातला नाही. कामटी तासताना चाकू लागतो, दोरा आवळताना जोर लागतो. त्याच्या आवाक्यातला कंदील कार्डशीटचा: कागद मधोमध दुमडायचा, दुमडीकडून चिरा द्यायच्या, कडेपर्यंत जायचे नाही, उघडून गुंडाळायचा आणि खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या चिकटवायच्या. खळ घरी कणकेची करावी. जुन्या रीतीत खळीला झुरळे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे आणि बोटे चाटणाऱ्या मुलांच्या खळीत तो नको. आत दिवा छोटा, थंड राहणारा असावा, पणती नको. असा कंदील दोन दिवसांत एका बाजूला कलतो. खालच्या मजल्यावरचा शेजारी त्यावर हसतो. मूल हसत नाही, कारण कलला तरी तो त्याचा आहे.

रंगवायच्या पिवळ्या-लाल पानांचा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर आहे, कारण इथे आळसाबरोबर चुकीची माहितीही शिकवली जाते. आश्विन-कार्तिक हा इथला शरद. पाऊस बहुतेक ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातून परततो, आभाळ धुतल्यासारखे निळे होते, दुपारी उन्हाचा चटका बसतो आणि झाडे वर्षातली सर्वांत हिरवी असतात. सह्याद्रीतली पानगळ शिशिरात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत होते. ऑक्टोबरात खिडकीबाहेर हिरवे झाड उभे असताना मुलाला लाल पान रंगवायला देणे म्हणजे तू पाहतोस ते खोटे आणि कागदावरचे खरे, असे शिकवणे. मेपलचे पान टोरांटोतल्या किंवा बोस्टनमधल्या मराठी मुलाचे आहे. ते त्याच्या शाळेच्या वाटेवर खरोखर पडते आणि त्याने ते वहीत दाबून ठेवावे, भोपळा कोरावा, हे अगदी योग्य. त्याच शहरातले मराठी मंडळ शनिवार-रविवार पाहून सभागृहात भोंडला करते. तिथल्या मुलाकडे दोन शरद आहेत आणि त्याला दोन्ही मिळावेत. नाशिकच्या मुलाला मात्र त्याचा एकच शरद आहे, आणि तोही त्याला दिला जात नाही.

इथल्या शरदात मुलाच्या हाताला येण्यासारखे काय असते, असा प्रश्न विचारला जातो. पहाटे पारिजातकाचा सडा असतो. देठ नारिंगी, पाकळ्या पांढऱ्या. देठ वेगळे काढून सावलीत वाळवले आणि कोमट पाण्यात भिजवले, की पिवळसर नारिंगी रंग सुटतो. कधीकाळी रेशीम रंगवायला तो वापरत. तोच कागदावर लावावा. पुण्यातल्या अनेक रस्त्यांवर बुचाची झाडे आहेत. रात्री उमललेली लांब नळीची पांढरी फुले सकाळी खाली पडतात. नळीत नळी गुंफून दोऱ्याशिवाय वेणी होते आणि जुन्या पोरांना त्या नळीची पिपाणीही करता येत असे. संध्याकाळी सातवीण फुलते, तिचा वास काहींना आवडतो, काहींचे डोके उठते. तिच्या लाकडाच्या एकेकाळी मुलांच्या पाट्या होत. बांधावर कुर्डू आणि तेरडा, बाजारात झेंडूचे ढीग. दसऱ्याला पाटीवर १ या आकड्याची सरस्वती काढतात. आकडा येतो त्याला ती येतेच, आणि अक्षर न येणारे मूल पहिल्यांदा पाटीवर काहीतरी पूर्ण काढते.

आपट्याबाबत तयार-वाल्यांपेक्षा पर्यावरणवाल्यांचा आक्षेप अधिक खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या फांद्या ओरबाडून आणल्या जातात आणि पुष्कळदा आपट्याच्या नावाने कांचनाचीच पाने विकली जातात. पण यावर कागदी छापील सोनेरी पाने विकत घेणे हा उपाय नव्हे. आपट्याचे एक पान पुरते. दोन दलांचे जाड पान, शिरा उठावदार. ते कागदाखाली ठेवून वरून मेणखडूने आडवे घासले की शिरा जशाच्या तशा उमटतात. एका पानावर वर्गातल्या सगळ्या मुलांचे ठसे होतात आणि घराघरांत सोने म्हणून वाटता येतात. पान फाडले तरी बिघडत नाही. फाटल्यावर ते मधल्या शिरेवरच का फाटले, हा प्रश्न मुले विचारतातच.

भोंडल्यावरचा आक्षेप दुसऱ्या दिशेने येतो. हा मुलींचाच खेळ, त्यातली गाणी सासुरवासाची, आजच्या मुलांना ती कशाला? गाण्यांत सासू, नणंद, माहेर भरपूर आहे हे खरे आणि चार वर्षांच्या मुलीला सासरी छळ कसा होतो ते शिकवण्याची गरज नाही. पण भोंडल्यात निव्वळ असंबद्ध, साखळीने लांबत जाणारी गाणीही भरपूर आहेत आणि लहान मुलांना आवडतात ती तीच. घटस्थापनेपासून पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरायचा. कोल्हापूर-सांगलीकडे हस्त नक्षत्रात हादगा, खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाई, प्रत्येक भागाची रीत निराळी. फेरात मुलगे घेतले म्हणून हत्ती रागावत नाही. खरी गंमत खिरापतीची. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे पदार्थ वाढत जातात आणि झाकलेला डबा वाजवून ओळखायचे: गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले. वर्गीकरण शिकवण्यासाठी महागडी साधने विकणाऱ्यांना यापेक्षा चांगले साधन सुचलेले नाही. विकतचे वेफर्स खिरापतीला आणले की हा खेळ मरतो, कारण पिशवीचा आवाज सगळ्यांना पाठ असतो.

खिरापतीला मुलाच्या हाताने होणारा पदार्थ म्हणजे घारगे. छापील कागदावर रंगवायला दिलेला भोपळा इथे मंडईत फोडीने मिळतो आणि तो कोरण्यापेक्षा खाण्यासाठी बरा. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक आणि थोडे तांदळाचे पीठ घालून मळायचे, पाणी घालायचे नाही. मुलाने गोळा करावा, केळीच्या पानावर थापावा, वर खसखस दाबावी. घारगे वाकडे होतात आणि खसखस जमिनीवर जास्त जाते. तळण मात्र मोठ्यांचे. गरम तेलाजवळ मूल नको, यात तडजोड नाही. तसेच चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम देऊ नयेत, घशात अडकतात; कूट करून द्यावे. कोजागरीचे दूधही याच नियमाने: बदाम-पिस्त्याची भरड, वेलची, जायफळ, केशराच्या दोन काड्या, बास. पुडीतल्या मसाल्याला साखरेची जोड असते, आणि मुख्य म्हणजे खलबत्त्यात कुटण्याचे काम ती हिरावून घेते. कुटणे हे पाच वर्षांच्या मुलाचे आवडते काम आहे, बराच आवाज होतो म्हणून.

सहलीबाबतचा गैरसमज असा, की ऋतू पाहायला दूर जावे लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासचे पठार पाहायला साताऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. कास २०१२ सालापासून जागतिक वारशाचा भाग आहे आणि ते पाहण्यासारखे आहे, यात वाद नाही. वाद तीन वर्षांच्या मुलाला तिथे नेण्याचा आहे. सीतेची आसवे, कवला ही फुले नखाएवढी, जमिनीलगत. मोठ्या माणसाला जांभळा-पिवळा गालिचा दिसतो. मुलाला एक फूल दिसते आणि ते तोडायचे असते. तोडू नको, तिकडे जाऊ नको, पायवाट सोडू नको, असे दोन तास आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार तास गाडी. त्याच मुलाला सकाळी सातला घरापासून दोन चौक लांबच्या बुचाखाली नेले तर पडलेली फुले हवी तेवढी उचलता येतात, झाडालाही धक्का नाही. कासची पाळी आठव्या-दहाव्या वर्षी येईल, तेव्हा पायवाटेचे कारणही त्याला समजेल. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला अंगणात कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडतात. ते आदल्या दिवशी कुंपणावरून शोधून आणणे ही पुरेशी सहल आहे, आणि गोव्यात परतल्यावर निरनिराळ्या प्रकारांनी केलेले पोहे असतातच.

शेवटचे कलम स्मरणरंजनाचे: हे सगळे पूर्वी होते, आता त्याचे गोडवे गाणारे म्हातारे झाले. पूर्वी सगळे घरीच होत असे, हे गृहीतच चुकीचे आहे. मातीची चित्रे नेहमीच कुंभारवाड्यातून विकत येत, गेरू आणि पतंगाचा कागद दुकानातून, आळीव वाण्याकडून, लक्ष्मीपूजनाचे बत्तासे हलवायाकडून. विकत घेण्यावर कोणाचा आक्षेप नाही. पूर्वी विकत येत ते कच्चे सामान आणि चित्रे; किल्ला मात्र कोणी विकत आणत नसे, कारण तो विकायला कोणाला सुचलेच नव्हते. आज चित्रेही पीओपीची आणि एकसारखी मिळतात. कुंभाराकडची मातीची अजून मिळत असतील तर थोडी महाग पडली तरी तीच घ्यावीत, फुटली की किल्ल्याच्या मातीतच मिसळतात. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास किल्ला मोडतात. मोडण्याचे काम मुलांकडेच द्यावे. गोणपाट धुऊन वाळवावे, विटा-दगड जिथून आणले तिथे परत ठेवावेत, आळीव कापून माती कुंड्यांत भरावी आणि धड राहिलेली चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवावीत.